शिवणयंत्राचा सूर

या अंकाचे संपादक कांबळे गुरुजी माझे जुने स्नेही. पेडगावचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दरवर्षी परभणीतून दिवाळी अंक काढतात आणि दरवर्षी "हा शेवटचा बरं का" असं बजावतात. यंदा त्यांचा फोन आला.

"पाळकसाहेब, या टायमाला ज्यानं त्यानं आपापल्या कामाचे अनुभव लिवायचे ठरलेत. वायरमन हायेत, सुईणबाई हायेत, गुरांचे डॉक्टर हायेत. तुमी पापावर लिवा. पापाचा तुमच्याइतका अनुभव जिल्ह्यात कुणाला न्हाई."

मी म्हणालो, "गुरुजी, हे कौतुक समजू का चौकशी?"

"लिवा तर खरं. वाचकाला बरोबर कळतंय," ते म्हणाले.

मी होकार दिला, पण अट घातली. माझं नाव छापायचं नाही, खाली नुसतं 'एक निवृत्त पाळक' एवढंच टाकायचं. गुरुजींनी विचारलं, "जिल्ह्यात निवृत्त पाळक किती हायेत?" मी म्हणालो, "असतील की चार-सहा." ते हसले आणि अट मान्य झाली.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीची राखण करणारा. मंडळी म्हणजे एका ठिकाणी जमून उपासना करणारे विश्वासणारे लोक. सेलूच्या बसमध्ये एका पाहुण्याशी ओळख झाली तेव्हा मी सहज म्हणालो, "माझी मंडळी पस्तीस घरांत विखुरलेली आहे." त्या गृहस्थानं एकदा माझ्याकडं, एकदा माझ्या शेजारी बसलेल्या बायकोकडं पाहिलं आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत काढला. तेव्हापासून मी परक्या माणसाशी बोलताना जपून बोलतो.

रविवारी उपासना, महिन्यातून एकदा प्रभुभोजन, लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी, हे आमचं दिसणारं काम. न दिसणारं काम म्हणजे ऐकणं. आमच्या पंथात कबुलीजबाबासाठी वेगळी खोली नसते. त्यामुळं लोक कुठंही कबुली देतात. हातपंपावर देतात, लग्नाच्या पंगतीत देतात. एकानं तर दाढी करून घेताना दिली. न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी थांबला होता.

आता खरं सांगायचं तर येणाऱ्यांपैकी निम्मे लोक दुसऱ्याचं पाप कबूल करायला येतात. एक निवृत्त कंपाउंडर होते. दर महिन्याला यायचे, खुर्ची ओढायचे आणि भावाच्या पापांची यादी वाचायचे. मी एकदा विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं काही?" ते विचारात पडले. म्हणाले, "माझं म्हनलं तर येवढंच, की मी त्याला लय दिवस सहन केलं." मी त्यांच्यासाठीही प्रार्थना केली. भावासाठी जरा जास्त केली.

पाप म्हणजे काय, हे मला धर्मशिक्षणाच्या कॉलेजात तीन वर्षं शिकवलं. वहीभर लिहून घेतलं. कळलं मात्र दगडूआबांमुळं. आबा आमच्या मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे, कोरडवाहू शेतकरी. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही गावभर ऐकू जायचं. एकदा त्यांनी माझं पापावरचं प्रवचन ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "सायब, तुमी लय लांबून गेलाव. तिफन धरली की समोरच्या बांधावरच्या झाडावर नजर ठिवायची असती. बाजूच्या रानात बघितलं की तास गेलं वाकडं. आन एक तास वाकडं गेलं की त्येच्या अंगानं समदी वाकडी. पाप येवढंच हाय. नजर हलली."

तिफण म्हणजे पेरणीचं अवजार आणि तास म्हणजे पेरलेली ओळ. आबांनी माझी तीन वर्षांची वही एका श्वासात संपवली. चोरी, चहाडी, मारामारी ही पुढची वाकडी तासं. मूळ पाप म्हणजे देवावरची नजर हलणं. आणि पेरून झालेलं तास पेरणाऱ्याला सरळ करता येत नाही, म्हणूनच आम्हाला तारणारा लागतो. हे मी पुढं शेकडो वेळा आबांचं नाव न घेता सांगितलं. हीच माझी खोड होती, तिच्याकडं येतोच.

मोहाबद्दल लोक फार घाबरलेले असतात. "मनात वाईट आलं, म्हंजे पाप झालं का?" असं विचारतात. मी त्यांना शेळीची गोष्ट सांगायचो. शेजाऱ्याची शेळी तुमच्या दारात येऊन उभी राहिली, यात तुमचा गुन्हा नाही. शेळ्या येतातच. तुम्ही तिला दोरी लावून दावणीला बांधली, तर मग ती गोष्ट वेगळी. लोक हसायचे आणि हलके होऊन जायचे.

प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो, आम्हाला परीक्षेत आणू नकोस. परीक्षा म्हणजे मोहाची घडी. दहावीतली एक पोरगी ही ओळ इतकी जोरात म्हणायची, की बाकीच्यांची प्रार्थना मागं पडायची. मार्चमध्ये ती रागानं आली. "साहेब, वर्षभर म्हनले. तरी बोर्डाची परीक्षा आलीच की." मी पोट धरून हसलो. ती मात्र गंभीरपणे म्हणाली, "पास कर, असं का न्हाई शिकवलं देवानं? नको आणू, असं का?" आपला कच्चा विषय ज्याला ठाऊक असतो तो पास करा म्हणत नाही, तिकडं नेऊच नका म्हणतो, हे मला नंतर समजलं. माझा कच्चा विषय कोणता, ते सांगायची वेळ आता आली.

माझा कच्चा विषय दाखला.

तहसीलचा नव्हे. प्रवचनात मुद्दा पटवायला जी गोष्ट सांगतात, तिला आम्ही दाखला म्हणतो. तहसीलचा दाखला पंधरा दिवसांनी मिळाला तरी चालतं, आमचा रविवारच्या आत लागतो. आणि लोकांना प्रवचन आठवत नाही, दाखला आठवतो. माझे दाखले नावाजलेले होते. "एका गावात एक बाई होती," असं मी म्हटलं की पेंगणारी माणसं सावरून बसायची. ती सावरून बसताना पाहण्याचं सुख काय असतं, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. देवाची गोष्ट सांगताना माझी नजर लोकांच्या तोंडाकडं जायची. आबांच्या भाषेत, बाजूच्या रानात.

तेव्हा मी वालूरच्या रस्त्यावरच्या एका गावात होतो. पत्र्याचं प्रार्थनामंदिर, बसायला सतरंज्या आणि एक पेटी, म्हणजे हार्मोनियम. गाणी सांगायचा मान मार्थाबाईचा. हे तिचं खरं नाव नाही. तिच्या सासऱ्यांना पेटी दुरुस्त करता यायची, त्यांच्याकडं बघून तीही शिकली होती. तिच्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ आली, तिला रूथ म्हणू. रूथचा गळा असा, की पहिल्या रविवारी ती गायली आणि दगडूआबांनाही ऐकू आलं. आबा मोठ्यांदा म्हणाले, "ही कोन? हिलाच म्हनू द्या की!" त्या एका वाक्यानं पंधरा वर्षांचा मान गेला.

त्या वर्षी नाताळाच्या उपासनेत रूथ एकटी गाणार होती. मार्थाबाई गोड आवाजात म्हणाली, "पेटी बी तूच वाजव." रूथनं सुरुवात केली. पहिली ओळ सुरेख गेली. दुसऱ्या ओळीत पंचमावर बोट पडलं आणि पेटीतून नुसतं फुस्स झालं. पुन्हा पंचम, पुन्हा फुस्स. पोरं खिदळली, मग मोठेही हसले. मीही हसलो, लपवण्यात अर्थ नाही. रूथ कडव्याच्या मध्येच उठली आणि डोक्यावरचा पदर ओढून बायकांत जाऊन बसली. त्यानंतर तिनं तोंड उघडलं नाही. सगळ्यांबरोबरही गात नव्हती, नुसते ओठ हलवायची.

पेटी उघडून पाहिली तर आतला पितळी सूर, म्हणजे ज्यातून आवाज निघतो ती पट्टी, जागेवर नव्हता. सगळे म्हणाले, जुनी पेटी, गळून पडला असेल कुठंतरी. आम्ही पंचम चुकवून गायला शिकलो.

महिन्याभरानं एका मंगळवारी सेलूच्या स्टँडवर बसची वाट बघत असताना मार्थाबाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हातात कोथिंबिरीची पिशवी. "सलाम, पास्तरसाहेब," म्हणाली आणि कमरेच्या चंचीतून रुमालाची गाठ काढून उघडली. आत पितळेचा तो सूर.

"पेचकसानं काढला म्या. तिची फजिती व्हावी म्हनून," ती म्हणाली. "झाली फजिती. पन घरात ती येका शब्दानं बोलंना. भाकरी थापताना गुनगुनायची, ते बी बंद झालं. मला तिचं गानं नको हुतं, आता तिचं गप बसनं झोपू देईना."

मी जे सांगायचं तेच सांगितलं. देवाकडं क्षमा आहे आणि ती फुकट आहे. पण ज्याचं वाईट केलं त्याच्या दारापर्यंत चालत जावं लागतं. सूर रूथच्या हातात दे, स्वतःच्या तोंडानं सांग. तिनं रुमाल पुन्हा बांधला. "सांगते. पन एकदम जमंना. थोडे दिस द्या. तवर कुनाला बोलू नका." मी म्हणालो, "माझ्याजवळ राहील." तेवढ्यात वालूरची बस लागली.

हे झालं मंगळवारी. रविवारचा विषय कित्येक आठवड्यांपूर्वीच ठरलेला होता, मत्सर.

शनिवारी संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. मुद्दे छान जमले होते, दाखला नव्हता. आणि शेळी दारात उभी होती. मी तिला दोनदा हाकललं, देवाशपथ. मग विचार केला की नाव बदललं, गाव जालन्याकडं नेलं, पेटीचं शिवणयंत्र केलं, तर कुणाला कळणार? उलट मार्थाबाईलाच धीर येईल. पाळकाला मोह होतो तेव्हा तो नेहमी दुसऱ्याच्या भल्याचा झगा घालून येतो. मी दाखला लिहिला, स्वतःलाच वाचून दाखवला आणि खूश होऊन जेवायला उठलो.

रविवारी रंगात आलो. "जालन्याकडं एका गावात एक बाई होती. तिच्या घरात एक शिवणयंत्र होतं." लोक सावरून बसले. "नवी जाऊ आली, तिचा हात फार चांगला. मोठीला सहन होईना. काय केलं तिनं? हळूच शिवणयंत्राचा सूर काढून ठेवला!"

सुई म्हणायचं होतं. तोंडातून सूर गेला. मला ते कळलंही नाही. मी तसाच पुढं, "आणि धाकटीनं पाय मारला, तर काय? नुसतं फुस्स!"

प्रार्थनामंदिरात अशी शांतता मी मयतीलाही पाहिलेली नाही. आणि त्या शांततेत, कानाशी तळहात धरून बसलेले दगडूआबा गरजले, "शिवनयंत्राला सूर कवापासून असतोय?"

सगळ्या माना आधी पेटीकडं वळल्या, मग मार्थाबाईकडं. ती उठली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस माझ्यापुढं झाकून ठेवलेले होते. ती त्यांच्याकडं न बघता दाराबाहेर गेली. रूथ खाली मान घालून बसून राहिली. मी तशाच हातांनी भाकर मोडली. ते मला आजही खुपतं.

घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. सगळे तिला पाळकीणबाई म्हणतात. पाळक कुणाचं ऐकतो, तर तिचंच. ती म्हणाली, "शेळीला नुसती दोरी लावली असती तर एक वेळ चाललं असतं. तुम्ही तिला चारा घातला, आणि सगळ्यांसमोर दूधही काढून दाखवलंत."

मी चिडलो. नावाचा उल्लेख नव्हता, हेतू चांगला होता, जिभेची चूक होती, असा सगळा वकिली माल बाहेर काढला. लोक माझ्यासमोर बसून ज्या ज्या सबबी सांगायचे, त्या सगळ्या मी त्या जेवणात वापरल्या. पुढच्या रविवारी मी जाहीर सांगितलं, "माझ्या बोलण्यानं कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी." परत येताना पाळकीणबाईनं विचारलं, "असल्यास? म्हणजे दुखावलंय का नाही, हे तुम्हाला अजून कळायचंय?" ज्या शब्दावरून मी इतरांना पकडायचो त्याच शब्दामागं मी लपलो होतो.

मार्थाबाई यायची थांबली. तिच्याबरोबर आणखीही काही थांबलं. लोक उपासनेला येत, माझ्याकडं चहा घेत, पावसापाण्याचं बोलत आणि उठून जात. कुणी काही सांगेना. कंपाउंडरकाकांनीसुद्धा भावाची यादी बंद केली. मी तीस वर्षं ज्या कामाचा अभिमान बाळगला ते काम माझ्या दाराशी यायचंच थांबलं. मला फार एकटं वाटलं आणि लाजही वाटली.

तिसऱ्या आठवड्यात मी मार्थाबाईच्या घरी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मी तुझा विश्वास मोडला. दाखल्याच्या हव्यासापायी मोडला. मला क्षमा कर." 'असल्यास' नव्हतं त्यात.

सूप थांबलं नाही. "पास्तरसाहेब," ती म्हणाली, "माझं पाप माझं हुतं. ते म्या तुमच्याजवळ ठिवायला दिलं हुतं, वाटायला न्हाई."

"मी रविवारी सगळ्यांसमोर माझा गुन्हा कबूल करतो."

"मंजे परत माझीच गोष्ट सांगनार. परत शिवनयंत्र."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझी कबुली हासुद्धा एक दाखलाच झाला असता, आणि मोठा रंगला असता.

पाखडता पाखडताच ती म्हणाली, "तुमी मला सांगितलं, जाऊन सांग. मला जमंना. आता समद्या गावाला ठावं हाय, तिलाबी ठावं हाय, तर सांगायचं त्वांडच ऱ्हायलं न्हाई. ते तुमी नेलंव." सूप खाली ठेवून तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. "येक करा. दाखला न देता प्रवचन करून दावा. मी दाराजवळ बसते. दाखला आला की उठून जाते, मग परत येनार न्हाई."

मी कबूल झालो. मला वाटलं, सोपं आहे.

सोपं कसलं! दाखले काढून टाकल्यावर माझं पाऊण तासाचं प्रवचन पंधरा मिनिटांत आटोपलं. लोक खूश झाले, ते वेगळंच दुःख. मी पहिल्यांदाच नुसतं शास्त्रवचन घेऊन उभा होतो, आणि माझ्याजवळ स्वतःचं किती थोडं आहे हे मला समजलं. दर शनिवारी शेळी यायची. दर रविवारी कुठल्यातरी वाक्याशी जिभेवर "एका गावात" येऊन बसायचं, आणि त्याच क्षणी शेवटच्या सतरंजीवर मार्थाबाई मांडीवरची पिशवी काखेला लावायची. मी शब्द गिळायचो. ती पिशवी परत मांडीवर ठेवायची. असे दहा महिने गेले. मोहावर विजय म्हणजे माणूस एकदाचा पहिलवान होतो, असं मी लोकांना सांगत आलो होतो. तसं काही झालं नाही. मी होतो तसाच कच्चा राहिलो. फक्त दाराजवळ कुणीतरी बसलेलं होतं. देव बळ देतो म्हणतात ते असंही देतो, हे मला कुठल्या वहीत लिहून दिलेलं नव्हतं.

रूथ मात्र त्या दहा महिन्यांतही गायली नाही. दोन जावा एकाच घरातून यायच्या, एक पुढं बसायची, एक दाराशी. पेटीचा पंचम मुका होता, आणि तो कुणाजवळ आहे हे सगळ्यांना माहीत असून कुणी विचारत नव्हतं.

नाताळाच्या आधीचा रविवार आला. विषय होता कबुली. मी म्हणालो, पाप लपवलं की वाढतं, उजेडात आणलं की त्याचा जोर जातो. वाक्य चांगलं वठलं. एक-दोघे सावरून बसले. आणि माझी नजर हलली.

"एका गावात एक..."

तोंडातून निघून गेलं होतं. मार्थाबाई पिशवीसकट उभी राहिली. त्या तीन शब्दांपुढं जाता आलं असतं, सावरून नेता आलं असतं. एवढी वर्षं तेच करत आलो होतो. मी थांबलो. म्हणालो, "चुकलो मी. पुन्हा तेच करत होतो. क्षमा करा." आणि हातातलं शास्त्र मिटून ठेवलं.

मार्थाबाई दाराकडं वळली नाही. ती सतरंज्यांच्या मधून पुढं आली आणि पेटीपाशी येऊन लोकांकडं वळली.

"एका गावात न्हाई. ह्याच गावात. आन येक बाई न्हाई. मी."

तिनं रुमाल सोडून सूर रूथपुढं धरला. "तुझी फजिती करायला म्या काढला. मला माफ कर."

रूथनं सूर घेतला नाही, आधी तिचा हात धरला. "अक्का, मला पहिल्या दिवसापासून ठावं हुतं," ती म्हणाली. "तुमी कवा सांगताव, मी वाट बघायलते."

बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. माझाही चष्मा काढायची वेळ आली. तेवढ्यात आबा, "काय म्हनली? काय म्हनली?" करत सगळीकडं विचारत होते. कुणीतरी कानात ओरडून सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग आता सूर बसवनार कोन?"

"मीच," मार्थाबाई म्हणाली. "काढता येतंय त्याला बसवता बी येतंय." आणि तिनं पिशवीतून पेचकस काढला.

पुढं मी तिला विचारलं, तो पेचकस पिशवीत कधीपासून होता? ती म्हणाली, पहिल्या रविवारपासून. मी म्हणालो, मग दहा महिने का थांबलीस? तिचं उत्तर मी तेव्हाच लिहून ठेवलं. "मी बघायलते, तुमी चुकताव का. तुमी चुकलाव, आन मधीच थांबलाव. मला वाटलं, हितून बी थांबता येतंय मग."

त्या नाताळाला रूथ गायली. मार्थाबाईनं बसवलेला पंचम जरासा चढा लागतो. तो तसाच ठेवलेला आहे. पेटी दुरुस्तीला नेऊ का, असं कुणी विचारलं तर दोन्ही जावा एकदमच नको म्हणतात.

हा लेख लिहून झाल्यावर मी कागद घेऊन बसनं त्या गावी गेलो. ज्याची गोष्ट त्याला आधी वाचून दाखवायची, हा आता नियमच आहे माझा. मार्थाबाईचे केस पांढरे झालेत. ती आणि रूथ ओट्यावर शेजारी शेजारी बसल्या आणि मी सगळं वाचून दाखवलं. फुस्स आलं तेव्हा रूथ इतकी हसली की तिला ठसका लागला.

मार्थाबाईनं विचारलं, "माझं नाव बदललं ना?"

"बदललं. मार्था."

"ती शास्त्रातली, सैपाकघरात कुरकुर करनारी? शोभतंय." मग म्हणाली, "गाव?"

"नाव घेतलं नाही."

"आन पेटी?"

"पेटी पेटीच ठेवली. शिवणयंत्र केलं नाही."

"बरं केलंव," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या कागदांकडं बघत, "आन तुमचं नाव?"

मी कागदांची घडी करायला लागलो. म्हणालो, "माझं कशाला? खाली 'एक निवृत्त पाळक' असं टाकायला सांगितलंय."

दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. मार्थाबाईनं शेजारची पिशवी उचलून काखेला लावली.

"एका गावात येक पास्तर हुता," ती म्हणाली. "असंच का?"

परतीच्या बसमध्ये बसण्याआधी मी स्टँडवरूनच कांबळे गुरुजींना फोन केला. म्हणालो, अट रद्द. नाव छापा, बापाच्या नावासकट.

शमुवेल यादवराव गायकवाड